पाळणे या क्रियापदाविषयी

अंबरनाथ पश्चिमेच्या स्थानकाबाहेर पहाटेच्या गाडीसाठी कामगारांची लगबग सुरू होते, तेव्हा चहाच्या टपरीपाशी अंग मुडपून पडलेले एखादे तांबूस कुत्रे, गळ्यात पट्टा नसतानाही, आपला माणूस नेमका ओळखते आणि बिस्किटांचा पुडा खिशातून निघण्यापूर्वीच शेपूट हलवू लागते. सरकारदप्तरी असा प्राणी बेवारस. गल्लीच्या हिशेबी मात्र त्याला दहा वारस असतात.

या दोन हिशेबांमधला तंटा जुना आहे. १८३२ साली मुंबईत बेवारस कुत्री मारण्याचा हुकूम अमलात येऊन प्रत्येक कुत्र्यामागे शिपायांना आठ आणे इनाम मिळू लागले, तेव्हा ज्यांच्या अंत्यविधीतही श्वानाच्या दृष्टीला स्थान आहे तो पारशी समाज जून महिन्यात रस्त्यावर उतरला, अन्य धर्मीयांनीही त्यांना साथ दिली, आणि दंगल शमविण्यासाठी अखेर फौज बोलवावी लागली. त्याच शतकाच्या अखेरच्या चरणात परळ येथे बाई साकरबाई पशुरुग्णालय उभे राहिले, तेही एका पारशी कुटुंबाच्या दातृत्वातून.

या स्नेहाचे मूळ मात्र कोणत्याही धर्माहून पुरातन आहे. जर्मनीतील ओबरकासेल येथे सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वी दोन माणसांसमवेत पुरलेल्या एका पिल्लाच्या दातांवर दीर्घ आजाराच्या खुणा आढळल्या. कोणी शुश्रूषा केली नसती, तर ते इतके आठवडे तगले नसते, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. शिकारीस निरुपयोगी अशा त्या जिवाला कोणीतरी भरवीत होते! कुत्रा व त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे माता-बालकांतील जिव्हाळ्याशी निगडित संप्रेरक वाढते, असे जपानमधील संशोधकांनी २०१५ साली दाखविले; माणसाने वाढविलेल्या लांडग्यांत तसे घडले नाही.

मराठीत जनावर पाळतात आणि वचनही पाळतात. ओबरकासेलच्या त्या अज्ञात माणसाने दोन्ही पाळली. बिस्किट टाकणे सोपे. परंतु कुत्र्याला रेबीजची लस टोचविणे, त्याची नसबंदी करविणे आणि त्याच्या भीतीने रस्ता बदलणाऱ्या शेजारच्या पोराचाही विचार करणे, हे त्या वचनातले अवघड कलम आहे. टपरीपाशी शेपूट हलविणाऱ्याने आपली बाजू केव्हाच पाळली आहे.