लुंबिनीहून मुस्तांगला जायचंय? मग आधी परतीचा विचार करा

लुंबिनीला जाऊन आलेल्या आपल्या तरुणांच्या गप्पांत एक नाव हमखास निघते : मुस्तांग. तिबेटच्या सीमेला लागून असलेला नेपाळचा हा उंच, कोरडा प्रदेश. तिथल्या लो-मान्थांग या तटबंदीच्या गावात जम्पा आणि थुबचेन हे १५व्या शतकातील गोम्पा आजही उभे आहेत. धम्मदीक्षेनंतर महिन्याभराने, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. त्यामुळे नेपाळ आपल्याला परका वाटत नाही. पण डोंगर कुणालाच ओळखत नाही.

२३ ऑगस्ट २०२४ रोजी जळगाव जिल्ह्यातील भाविकांना घेऊन पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. पंचवीसहून अधिक जणांचा जीव गेला. तो तर नेपाळचा मुख्य महामार्ग होता. मुस्तांगचा रस्ता त्याहून कितीतरी खडतर आहे. म्हणून निघण्याआधी काय ठरवायचे, ते आम्ही इथे क्रमाने मांडत आहोत.

कधी जायचे?

मुस्तांग पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस कमी पडतो. हे ऐकून अनेक जण पावसाळ्यात निघतात. चूक इथेच होते. मुस्तांग कोरडे असले तरी तिथे नेणारा बेनी ते घासा हा काली गंडकीच्या खोऱ्यातला रस्ता कोरडा नसतो. जून ते सप्टेंबरमध्ये तिथे दरडी कोसळतात. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ बरा. हिवाळ्यात बर्फामुळे वाट अडते.

कागदपत्रे

भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ हवे. स्वतःची गाडी नेणार असाल तर सोनौली सीमेवर ‘भन्सार’, म्हणजे जकातीची पावती, घ्यावी लागते. जितक्या दिवसांची पावती, तितकेच दिवस गाडी ठेवता येते. परतायला उशीर होऊ शकतो, म्हणून दोन दिवस जादाचे घ्या.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट विम्याची. आपल्या गाडीचा विमा साधारणपणे भारतापुरताच असतो. जादा हप्ता भरून तो नेपाळपर्यंत वाढवता येतो, मात्र हे काम निघण्याआधी आणि लेखी करून घ्यावे लागते. प्रवाशांच्या विम्यात हेलिकॉप्टरने सुटका आणि ४,००० मीटरपर्यंतची उंची समाविष्ट आहे का, हेही वाचून घ्या.

जोमसोमकडे जाताना अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना लागतो. कागबेनीच्या पुढचे अप्पर मुस्तांग प्रतिबंधित क्षेत्र आहे. तिथला वेगळा परवाना नोंदणीकृत एजन्सीमार्फतच मिळतो आणि त्याचे शुल्क डॉलरमध्ये असते. आधी हा खर्च जमतो का ते पाहा, मगच तारीख ठरवा.

गाडी आणि चालक

आमचा स्पष्ट सल्ला असा : स्वतःची गाडी पोखऱ्यात ठेवा आणि पुढे स्थानिक चालकासह फोर-बाय-फोर जीप घ्या. महाराष्ट्रातून गाडी चालवत गेलेला माणूस सीमेपर्यंतच थकलेला असतो. शिवाय कुठल्या वळणावर दगड पडतात, कुठला ओढा दुपारी फुगतो, हे तिथल्या चालकाला ठाऊक असते.

बर्फाचे पाणी उन्हाने वितळते, त्यामुळे ओढ्यांना सकाळी पाणी कमी असते आणि दुपारनंतर वाढते. जोमसोमच्या खोऱ्यात दुपारी वाराही जोराचा सुटतो. म्हणून पहाटे निघा, दुपारपर्यंत मुक्काम गाठा. रात्रीचा प्रवास करूच नका. जादा टायर, हवा भरायचा पंप, ओढायचा दोर आणि फावडे गाडीत आहे का ते आपल्या डोळ्यांनी बघा. बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीने उतार सुरक्षित होत नाही. तो खालच्या गिअरने आणि चांगल्या ब्रेकनेच होतो.

ऑफ-रोड म्हणजे वाट सोडून शेतात, कुरणात गाडी घालणे नव्हे. ते कुरण कुणाचे तरी पोट असते.

उंची

पोखरा सुमारे ८०० मीटरवर, जोमसोम २,७०० वर आणि लो-मान्थांग ३,८०० च्या वर. जीप ही चढण दोन दिवसांत चढते, शरीराला ते जमत नाही. मार्फा किंवा कागबेनीला दोन रात्री थांबा. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही पहिली लक्षणे दिसली की पुढे चढायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर रात्र असली तरी माणसाला खाली उतरवायचे. रात्री न निघण्याच्या नियमाला हा एकच अपवाद. मद्य तर नकोच. पाचवे शील इथे थेट जिवाशी जोडलेले आहे.

‘थांबा’ कोण म्हणणार?

पुष्कळ अपघातांच्या मुळाशी माणसाची घाई असते. रजा संपत आलेली असते, गोरखपूरहून परतीचे तिकीट काढलेले असते, आणि ‘आता एवढे आलोच आहोत’ असे कुणीतरी म्हणतो. मग भीती वाटत असूनही कुणी बोलत नाही. म्हणून दोन नियम निघण्याआधीच ठरवा. चालक ‘नाही’ म्हणाला की चर्चा संपली. गटातला कुणीही, अगदी वयाने सर्वात लहान मुलगीसुद्धा, गाडी थांबवू शकते आणि त्याबद्दल तिची थट्टा होणार नाही. वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवा. रोजच्या मुक्कामाची यादी घरी द्या. नेपाळमध्ये पोलिसांसाठी १०० आणि रुग्णवाहिकेसाठी १०२ हे क्रमांक सर्वांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

तथागतांनी अखेरच्या क्षणी भिक्खूंना अप्रमादाची, म्हणजे गाफील न राहण्याची, शिकवण दिली. जम्पा गोम्पाच्या दारातून कागबेनीला माघारी वळलेला गट हरलेला नसतो. गोम्पा पुढच्या वर्षीही तिथेच असेल. आपली माणसेही असायला हवीत.

जय भीम! नमो बुद्धाय!