दणकट गाडीचा भ्रम

‘जुन्या गाड्या म्हणजे निव्वळ लोखंड, हल्लीच्या म्हणजे पत्र्याचे डबे!’ हे वाक्य गॅरेजात हमखास कानावर पडतं. अमेरिकेतही हा समज पक्का होता. २००९ मध्ये त्याची थेट परीक्षाच झाली.

‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेला तेव्हा ५० वर्षं पूर्ण झाली होती. त्यानिमित्त व्हर्जिनियातल्या तिच्या केंद्रात १९५९ ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरले मॅलिबू यांची टक्कर घडवण्यात आली. बेल एअर ही मध्यमवर्गीय अमेरिकी कुटुंबाची लाडकी गाडी. ऐसपैस सलग सीट, चकाकतं क्रोम, मागे आडवे पसरलेले पंख. दोन्ही गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने, चालकाच्या बाजूने एकमेकींवर आदळल्या.

बेल एअरची समोरची काच निखळली, चालकाचं दार उघडलं आणि स्टिअरिंग थेट चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आलं. तिथे माणूस असता, तर वाचणं कठीण होतं. मॅलिबूचं नाक पार चेपलं, पण केबिन शाबूत राहिली. तिच्या चालकाचं पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावलं असतं.

हे कसं? ताशी ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १८ मीटर. या वेगातलं शरीर १० सेंटिमीटरात थांबलं, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १६० पट हिसका बसतो. थांबायला ६० सेंटिमीटर मिळाले, तर तोच हिसका २७ पटींवर येतो. पुढचा भाग ठरवून चुरगळू देणं, सीटबेल्ट आणि एअरबॅग ही सारी धडपड या वाढीव सेंटिमीटरांसाठीच असते. चुरगळणाऱ्या भागामागची केबिन मात्र कडक हवी. बेल एअरमध्ये नेमकी तीच कोसळली.

गंमत म्हणजे, उपाय तेव्हाही माहीत होते. बेला बारेनी या अभियंत्याची चुरगळत्या भागाची कल्पना मर्सिडीजने १९५९ मध्येच गाडीत उतरवली. त्याच वर्षी व्होल्वोने निल्स बोलिन यांचा तीन बिंदूंचा सीटबेल्ट आणला. अमेरिकेत गाड्यांच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा मात्र १९६६ मध्ये झाला.

भारतात ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीतही गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगानेच अडथळ्यावर आदळवतात. तेव्हा गाडी घेताना पत्रा ठोकून बघण्यापेक्षा तिला या चाचणीत मिळालेले तारे मोजा. आणि मागच्या सीटवर बसलात, तरी बेल्ट लावा.