जुन्या खेळांचे काळमापन

उज्जयिनीस शिप्रातीरी सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेली वेधशाळा आहे. तेथील सम्राट यंत्राची छाया वेळ दाखविते, पण ती उज्जयिनीची; आपली घड्याळे चालतात भारतीय प्रमाणवेळेने. म्हणून छायेच्या वेळेत फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे ४१, तर नोव्हेंबरच्या आरंभी अवघी ११ मिनिटे मिळवावी लागतात. यंत्र चुकत नाही. त्याचे माप निराळे आहे, इतकेच.

नव्या संगणकावर जुना व्हिडिओ खेळ लावू पाहणाऱ्यापुढे हीच अडचण उभी राहते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या संगणकाचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे ४७ लक्ष ७० हजार ठोके देत असे. त्या काळच्या काही खेळकर्त्यांनी खेळाची गती या ठोक्यांवरच बांधली. पुढे यंत्रे वेगवान झाली आणि पडद्यावरील शत्रू डोळ्याचे पाते लवण्याच्या आत अंगावर येऊ लागले! तोड म्हणून पुष्कळ संगणकांवर ‘टर्बो’ नावाचे बटण असे. नाव वेगाचे, उपयोग मात्र वेग उतरविण्याचा.

आज हे काम ‘एम्युलेटर’ करतो. २००२ साली प्रथम प्रसृत झालेला ‘डॉसबॉक्स’ नव्या संगणकाच्या पोटात जणू जुना संगणक मांडतो, आणि ठरावीक काळात किती आज्ञा पाळावयाच्या हेही त्यास सांगता येते. २००८ साली पोलंडमधून सुरू झालेल्या ‘जीओजी’ या विक्रीकेंद्राचे कित्येक जुने खेळ या डॉसबॉक्ससहच येतात. घेणाऱ्यास त्याचा पत्ताही नसतो.

परंतु पुनःप्रकाशन म्हणजे जुन्यास नवा रंग फासणे नव्हे. जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ सालचा. धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रीकरण करून त्यावरून त्यांनी राजपुत्राची चाल रेखिली. राजकन्येस सोडविण्यास खेळात ६० मिनिटे मिळतात. चाल बदलली वा तास आखडला, तर उरते ते केवळ नाव. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी गोविंद सदाशिव आपटे आदी ज्योतिर्विदांच्या सल्ल्याने उज्जयिनीच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार केला तो वेध घेता यावेत म्हणून; सम्राट यंत्राच्या जागी घड्याळाचा मनोरा बांधला नाही. खेळांच्या प्रकाशकांनी हा विवेक दाखवावयास हवा.

तेवढी संधी तरी किती खेळांस लाभते? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीप्रमाणे अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नव्हते. कोठे मालकी कोणाची हेच उमगत नाही, कोठे फ्लॉपीवरील चुंबकीय लेखन पुसट होत जाते. मेकनर यांच्या मूळ आज्ञावलीच्या तबकड्या अनेक वर्षे हरवल्या होत्या. २०१२ साली त्या त्यांच्या वडिलांना घरच्या कपाटात सापडल्या, आणि सुदैवाने त्यांवरील अक्षरे अद्याप वाचता येत होती.