घरच्या लेथवर रेडियल इंजिन

श्रीनगरला २७ ऑक्टोबर १९४७ रोजी सैनिक उतरविणाऱ्या डाकोटा विमानांच्या प्रत्येक इंजिनात सात-सात सिलिंडरांच्या दोन रांगा होत्या. घरच्या लेथवर चार स्ट्रोकचे छोटे रेडियल इंजिन घडवितानाही हाच विषम संख्येचा नियम पाळावा लागतो. पाच सिलिंडरांत ठिणगी १-३-५-२-४ अशी एकाआड एक पडते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत सर्वांची पाळी येते. सम संख्येत ही लय जुळत नाही.

खरी धास्ती तेलाची. इंजिन उभे असताना ते खालच्या सिलिंडरांत झिरपते आणि द्रव दाबला जात नाही. म्हणून सुरू करण्यापूर्वी स्विच बंद ठेवून पंखा हाताने सावकाश फिरवावा. अडकल्यास जोर लावू नये; खालचे प्लग काढून तेल निथळू द्यावे. अन्यथा महिनोन्‌महिने खपून घडविलेला कनेक्टिंग रॉड क्षणात वाकू शकतो.