सुटते का आपली आपण?

सबमिशन संपलं की 'बसायचं', ब्रेकअप झालं की बसायचं, मॅच जिंकली तरी बसायचं. शनिवारचं हे बसणं बुधवारवर कधी आलं, ते कळतही नाही. मग एके दिवशी तुम्हालाच वाटतं, आता बास! पण व्यसनमुक्ती केंद्रात जायचं म्हणजे घरी कळणार, कॉलेजात चर्चा होणार. बरेच जण इथंच अडतात.

तर मंडळी, हे वाचा. अमेरिकेत २००१-०२ मध्ये ४३ हजार लोकांचं सर्वेक्षण झालं. त्यातले ४,४२२ जण पूर्वी दारूवर अवलंबून होते. उपचार घेतलेले त्यांच्यात जेमतेम चौथा हिस्सा. पूर्ण सावरलेले मात्र एक तृतीयांशाहून जास्त. म्हणजे उपचारांशिवायही अनेक जण बाहेर पडले.

कसं जमवायचं?

मोजा : किती घेतली, कधी, कोणाबरोबर, हे मोबाइलवर लिहा. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी स्वतःच सोडवा. ८ किंवा जास्त गुण आले तर सावध व्हा.

वेळ बदला : ज्या वेळी ग्रुप बसतो, त्याच वेळी टर्फ बुक करा, नाटकाची तालीम लावा. नुसतं खोलीत बसून राहिलात तर तलप जिंकते.

एकाला तरी सांगा : ताई, रूममेट, कोणीही. नाहीतर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा गाठा. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर व्यावसायिक आणि एक डॉक्टर, दोघंही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलून सावरले. तिथून हे सुरू झालं. फी नाही, पूर्ण नाव सांगायची सक्ती नाही.

मध्येच घसरलात? दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, भास होतात. यात जीवही जाऊ शकतो. तिथं हिरोगिरी नको, आधी डॉक्टरच. बोलायचं असेल तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.

आणि मित्र 'आज नको' म्हणाला, तर 'अरे, एक घे रे' एवढं म्हणू नका. त्याच्यासाठी लिंबू सोडा मागवा.