व्हर्च्युअल मशीनमधून फोन फ्लॅश करताय? आधी यूएसबीचं गणित समजून घ्या

लॅपटॉपवर लिनक्स आहे, पण फोनचं फ्लॅशिंग टूल फक्त विंडोजवर चालतं. मग बरेच जण व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज टाकतात. एडीबीमध्ये फोन दिसतो, पण फास्टबूटमध्ये नेला की टूल फोनची वाट बघत अडकून बसतं. केबल बदला, ड्रायव्हर बदला, काही फरक पडत नाही. असं का होतं?

प्रत्येक यूएसबी उपकरण कॉम्प्युटरला दोन ओळखक्रमांक सांगतं: कंपनीचा व्हेंडर आयडी आणि त्या वस्तूचा प्रॉडक्ट आयडी. उपकरण आधी मूळ सिस्टीमला, म्हणजे होस्टला मिळतं. तिथून ते आतल्या सिस्टीमकडे, म्हणजे गेस्टकडे सोपवावं लागतं. मेनूत फोनवर केलेली टिक फक्त त्या वेळच्या जोडणीपुरती असते.

फोनचा मोड बदलला की तो यूएसबीवरून सुटतो आणि नव्या आयडीने परत जोडला जातो. गूगल पिक्सेल चार्जिंग आणि एडीबी चालू असताना १८डी१:४ईई७ असतो, फास्टबूटमध्ये १८डी१:४ईई० होतो. क्वालकॉमच्या इमर्जन्सी डाउनलोड मोडमध्ये तर व्हेंडरच बदलतो: ०५सी६:९००८. होस्टसाठी हे नवं उपकरण, म्हणून ते होस्टकडेच राहतं.

उपाय म्हणजे यूएसबी फिल्टर. मी असं करतो:

१. होस्टवर एलएसयूएसबी कमांड चालवून प्रत्येक मोडचा आयडी टिपून ठेवतो.
२. मशीनच्या यूएसबी सेटिंग्जमध्ये प्रत्येक मोडसाठी वेगळा फिल्टर बनवतो. त्यात फक्त दोन आयडी भरतो, बाकी रकाने रिकामे.
३. आपला युजर व्हीबॉक्सयूजर्स ग्रुपमध्ये टाकतो आणि लॉगआउट करून परत लॉगिन करतो.
४. यूएसबी ३ कंट्रोलर निवडतो. आवृत्ती ७.० च्या आधी यासाठी एक्स्टेंशन पॅक लागायचा.
५. होस्टवरचा एडीबी सर्व्हर बंद करतो, नाहीतर दोघं एकाच फोनसाठी भांडतात.

फ्लॅश करण्याआधी फोन प्रत्येक मोडमध्ये नेऊन गेस्टमध्ये आपोआप दिसतो का, ते तपासा. बूटलोडर लिहिला जात असताना जोडणी तुटली, तर फोन कायमचा बंद पडू शकतो. बूटलोडर अनलॉक केल्यावर फोनमधला डेटा पुसला जातो, त्यामुळे बॅकअप आधीच घ्या.

आणि काम नुसत्या फास्टबूटने होणार असेल, तर व्हर्च्युअल मशीनच्या भानगडीत पडूच नका. गूगलची ही टूल्स लिनक्सवर थेट चालतात.