वाटणीची संमती आणि बिनशेतीची परवानगी

मुळा-प्रवरेच्या कालव्यांखालील बागायत आणि पाथर्डी-जामखेडकडील कोरडवाहू रान यांत अंतर फार असले, तरी वाटणीचा तंटा दोन्हीकडे सारखाच आहे. हा रोग जुनाच होय. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी 1917 साली पिंपळे सौदागर या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. तेथे 1771 साली सरासरी 40 एकरांचे असलेले खाते 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आले होते. अशा तुकड्यांना आळा घालण्याकरिता 1947 चा तुकडेबंदी व जमीन एकत्रीकरण कायदा झाला.

समजा, पाथर्डीकडील तिघा भावांकडे 40 गुंठे जिरायत आहे. 2023 च्या अधिसूचनेनुसार आपल्या जिल्ह्यात प्रमाणभूत क्षेत्र जिरायतास 20 गुंठे व बागायतास 10 गुंठे आहे. तिघांत समान वाटणी केल्यास प्रत्येकी तेरा गुंठ्यांहून थोडे अधिक येतात, म्हणजे तिन्ही तुकडेच. तिघांनी राजीखुशीने मुद्रांकावर सह्या केल्या तरी अशी वाटणी कायदा मानत नाही. भावांची संमती ही भावांपुरती. कायद्याची अट तिने उठत नाही. अशा वेळी जमीन दोघांनी घ्यावी व तिसऱ्यास पैशाच्या रूपाने भरपाई द्यावी, अशी तजवीज कायद्यातच आहे.

आता याच भावांपैकी एकाने सडकेकडेचे 5 गुंठे घरासाठी विकावयाचे ठरविले, तर प्रश्न दोन होतात. जमिनीचे विभाजन करता येते काय, हा पहिला. त्या जागेवर घर बांधता येते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तुकडेबंदी कायदा देतो. दुसऱ्याचे जमीन महसूल संहिता 1966 व नगररचनेचे नियम देतात. पुष्कळ ठिकाणी एक कागद हाती आला की दुसराही झाला असे धरून चालतात, आणि फसगत होते ती तेथेच. बिनशेतीचा आदेश जमिनीचा वापर बदलतो. त्याने पोटहिस्सा आपोआप पडत नाही. उलट, खरेदीखत नोंदले गेले म्हणून बांधकामाचा हक्क येत नाही.

नगरपालिका हद्दीतील, तसेच विकास आराखड्यात वा प्रादेशिक योजनेत बिनशेती वापरासाठी दाखविलेल्या जमिनींस तुकडेबंदीतून सूट आहे. 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातील तेथील व्यवहार नियमित करण्याचा मार्ग शासनाने 2025 साली विनामूल्य खुला केला. परंतु तुकडेबंदीची अट सुटली तरी रेखांकन व बांधकामाचा नकाशा मंजूर करून घेणे सुटत नाही. गावठाणापासून 200 मीटरांच्या आतील जमिनीस निवासी वापरासाठी वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही; नकाशाची मंजुरी मात्र तेथेही हवीच.

सर्वांत घातक प्रकार सामाईक खरेदीचा. दहा जण मिळून एक एकर घेतात, जागेवर चुना टाकून आपापले चार गुंठे दाखवितात. सातबारावर मात्र दहाही नावे एकत्र! कोणाचा हिस्सा कोठे, हे कोणत्याही नकाशात नसते. घरासाठी कर्ज मागावयास गेले म्हणजे ही उणीव उघड होते, आणि तोवर विकणाऱ्याने पैसे घेऊन वर्षे लोटलेली असतात. रेखांकन आधी मंजूर करून, मोजणी होऊन, मगच खरेदीखत केले असते तर ही पाळी येती ना.

विहीर, शेतरस्ता अथवा शासकीय योजनेतील घरकुल यांसाठी प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा कमी जमीन घेण्यास 2024 च्या नियमांनी वाट दिली आहे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. विहिरीकरिता दोन गुंठे हवे असलेल्या शेतकऱ्यास ‘आता काही होत नाही’ असे सांगून परत पाठविणे योग्य नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्याचा सातबारा, गावनकाशा व जागेचे कच्चे रेखाटन घेऊन अर्ज करण्यास त्यास मदत करावी. इसाराचे पैसे परवानगी मिळेपर्यंत देऊ नयेत, हेही त्याच वेळी सांगावे.